गेजवरची तिसरी खूण

ह्या अंकाच्या संपादकांची गाडी मध्यंतरी माझ्या गॅरेजात आली होती. क्लच प्लेट गेली होती. ती बदलेपर्यंत ते चहा पीत बसले आणि मी माझ्या हाताखालच्या दिगंबरला जे काय बोलत होते ते ऐकत राहिले. जाताना म्हणाले, "काकी, हे सगळं लिहून काढा." मी म्हटलं, माझी चौथी झालेय. ते म्हणाले, शुद्धलेखन आम्ही बघू. तेव्हा ह्यात ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असेल तर ते त्यांचं. बाकी माझं.

गॅरेज हातखंब्याला, तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर. हायवे रुंद झाला तेव्हा पुढची पडवी गेली, मागचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडांची कुंपणाची भिंत, तेवढा राहिला. आमचे हे मेकॅनिक होते. त्यांच्या कमरेचा मणका गेला तेव्हा ते बाजेवर पडून सांगायचे आणि मी करायचे. दोन वर्षांनी ते सांगायचे त्यात चुका व्हायला लागल्या, तेव्हा मी न विचारता करायला लागले. ते गेले त्याला अठरा वर्षं झाली. रडण्याचा भाग इथे संपला.

आता माझं वय बहात्तर. गुडघे गाडीखाली जायला तयार नाहीत. मी गाडीशेजारी पाट टाकून बसते आणि दिगंबर खाली झोपून नटबोल्ट काढतो. दिगंबर पन्नाशीचा आहे, माझ्याकडे पंचवीस वर्षं आहे, आणि पंचवीस वर्षं माझ्यावर रागावलेला आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी आत डोकावून विचारतं, "मालक कुठायत?" मी म्हणते, "भिंतीवर." ते फोटोकडे बघतं. मग बॉनेट उघडतं.

मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे इंजिन बदलणं. बाहेरच्या माणसाला वाटतं, जुनं काढलं, नवीन बसवलं, झालं. तसं असतं तर माकडानेही केलं असतं. नवीन इंजिनाची किंमत ऐकून गिऱ्हाईक खाली बसतं, म्हणून जुनंच पण चांगलं इंजिन शोधावं लागतं. अपघातात मागून ठोकलेली गाडी असते, मागचं भुईसपाट आणि पुढचं इंजिन ठणठणीत. असलं इंजिन भंगारवाल्याकडून आणायचं. पण नेमकं त्याच मॉडेलचं वेळेवर मिळेल तर ते नशीब. बहुतेक वेळा मिळतं ते चुलत भावंड.

चुलत भावंड म्हणजे काय, ते सांगते. एकच इंजिन कंपनी चार तऱ्हेच्या गाड्यांत घालते. आतलं लोखंड तेच, पिस्टन तेवढेच, आवाजही तोच. पण एकाला टर्बो मोठा, एकाला लहान. एकाचा पाया उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे. वायरिंगची टोकं वेगळी. अशा वेळी आम्ही नव्या इंजिनाचं आतलं लोखंड ठेवतो आणि जुन्या गाडीचं सामान त्याच्यावर चढवतो. नवरी दुसऱ्या घरची, दागिने आपल्या घरचे. गाडीला वाटलं पाहिजे की काही झालेलंच नाही.

चुलत म्हणजे चुलतच बघायचं, एवढी अक्कल मात्र लागते. पालीच्या एका बागायतदाराने हट्टाने आपल्या लहान जीपमध्ये टेम्पोचं इंजिन बसवून घेतलंन. माझ्याकडे नाही, मी नको म्हटलं होतं. गाडी अशी नाक खाली घालून बसली की पाण्यात म्हैस. चढावर जायची विमानासारखी आणि उतारावर ब्रेक लागायचा देवाच्या कृपेने. शेवटी एका वळणावर ती गडग्यात घुसली. तो मला म्हणाला, "काकी, तुम्ही बोलला होतात." मी म्हटलं, "बोलले होते. आता गडगा बोलला."

पण सांगायची गोष्ट तात्यांच्या गाडीची आहे.

तात्या मांडवीला राहतात. वीस वर्षं बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. तिथे त्यांचं काम टाक्यांतलं तेल मोजायचं. लांब काडी टाकीत सोडायची, बाहेर काढायची, तेल कुठवर लागलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. दर चार तासांनी. माणूस निवृत्त झाला, सवय झाली नाही. घरची डिझेल गाडी घेतल्यावर ते रोज सकाळी आंघोळीआधी बॉनेट उघडायचे. इंजिनात ऑइल किती आहे ते बघायला एक लांब पात्यासारखी काडी असते, तिला आम्ही गेज म्हणतो. तिच्यावर दोन खुणा असतात. वरच्या खुणेला ऑइल लागलं तर भरपूर, खालच्या खुणेच्या खाली गेलं तर घालायला पाहिजे. तात्या गेज काढायचे, फडक्याने पुसायचे, परत घालायचे, परत काढायचे आणि उजेडात धरून बघायचे. जरासं कमी दिसलं की बाटलीतून ओतायचे. नऊ वर्षांत त्या गाडीने ऑइलचा तुटवडा म्हणून बघितला नाही. शेजारपाजारचे देवपूजेचा वेळ तात्यांच्या बॉनेटवरून ठरवायचे.

अशा गाडीची किल्ली तात्या कुणाला देणार? एकुलत्या एका मुलीचा नवरा प्रणव, ठाण्याला कॉम्प्युटरवर काम करतो, पस्तिशीचा, वागायला चांगला. लग्नाला सात वर्षं झाली होती. सात वर्षं तो सासुरवाडीला आला की मागच्या सीटवर बसायचा. स्वतःच्या ठाण्याच्या गाडीचा दरवाजा त्याने एकदा खांबाला लावला होता, ते तात्यांना कळलं होतं. बोलले काही नाहीत. जावयाला बोलायची पद्धत नाही आमच्याकडे. मुलाच्या मुस्काटात मारतील, जावयाला "प्रणवराव, पाणी घेता का" म्हणतील. पण किल्ली दिली नाही.

मग अधिक महिना आला. आमच्याकडे अधिकात जावयाला वाण देतात. तेहेतीस अनारसे, चांदीचा दिवा, मान-पान. लेक-जावई त्यासाठी ठाण्याहून आले. त्याच आठवड्यात तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डोळ्याला पट्टी, वर काळा चष्मा, वाकायचं नाही, गाडीला हात लावायचा नाही. बाजारहाट कोण करणार? तात्यांच्या बायकोने, माईंनी, किल्ली खुंटीवरून काढून प्रणवच्या हातात दिली. तात्या म्हणाले, "सांभाळून. सेकंडला जरा घट्ट आहे." एवढंच. पण प्रणवला वाटलं, आपल्याला राज्य मिळालं.

राज्य मिळालेल्याने काय केलं? तिसऱ्या दिवशी आरे-वारेला गेला. फोटो काढायला. अधिक श्रावण, समुद्र खवळलेला, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, आणि हा गाडी वाळूत घेऊन गेला. फोटो चांगला यावा म्हणून पुढचं तोंड समुद्राकडे. भरतीचं गणित ठाण्याला शिकवत नाहीत. दोन लाटा चाकाला लागल्या तेव्हा तो मोबाइल खिशात घालून गाडीत बसला, तोवर वाळूने चाकं धरली होती. तिसरी लाट बॉनेटवर आली. गाडी बंद पडली. आणि मग त्याने जे केलं ते केलं नसतं तर हा लेख झाला नसता. त्याने स्टार्टर मारला.

इथे जरा समजून घ्या. इंजिन हवा ओढतं, ती दाबतं आणि त्या दाबाने डिझेल पेटतं. हवा दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. पाणी आत गेलेल्या इंजिनाला स्टार्टर मारला की पिस्टन वर जातो, पाणी हटत नाही, मग पिस्टनच्या खालचा दांडा हटतो. त्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात. वाकतो, आणि परत परत मारलं की तुटून बाजूने बाहेर येतो. ह्याने इंजिनाचा ब्लॉक फोडला आणि खालचा ऑइलचा चेंबरही फोडला.

क्रेनच्या मागे लटकत गाडी माझ्याकडे आली. प्रणव ओला, खिशात वाळू.

"काकी, फक्त पाणी गेलंय. पुसून होईल ना?"

मी ब्लॉकच्या भोकात बोट घालून दाखवलं. "हे पुसायचं?"

"किती वेळा मारलास स्टार्टर?" दिगंबरने विचारलं.

"तीनदा."

दिगंबर माझ्याकडे बघून म्हणाला, "तीनदात एवढं नाय होत."

"तीनदाच," प्रणव म्हणाला. मग खाली बसला. "काकी, बाबांना कळता कामा नये. त्यांची पट्टी सुटेपर्यंत गाडी होती तशी करा. खर्च माझा. पण त्यांना कळलं तर ही किल्ली मला जन्मात मिळणार नाही."

मी म्हटलं, "नीट ऐक. मी आपणहून कुणाला काही सांगणार नाही, ते माझं काम नाही. पण तात्यांनी मला तोंडावर विचारलं की इंजिन बदललं का, तर हो म्हणेन. खोटं बोलायचा मला आळस आहे, लक्षात ठेवावं लागतं. आणि दुसरं. इंजिनावर नंबर असतो, तो गाडीच्या कागदावर असतो. इंजिन बदललं की आरटीओत अर्ज करावा लागतो आणि अर्जावर मालकाची सही लागते. ती आल्याशिवाय गाडी माझ्या दारातून रस्त्यावर जाणार नाही. सही तू आणायचीस, सांगून."

"सांगतो. पट्टी सुटली की सांगतो."

"आणि सही तू केलीस तर मी स्वतः तुला पोलिसांत नेऊन बसवीन. अनारसे तिकडे पाठवू देत."

त्याच मॉडेलचं इंजिन कुठे मिळालं नाही. कोल्हापूरच्या एका भंगारवाल्याकडे चुलत भावंड मिळालं. तीच बनावट, एका मोठ्या गाडीतलं. टर्बो मोठा, तो काढून ठेवला. तात्यांच्या गाडीचा टर्बो, डिझेलचे नोझल, वायरिंग, सगळं धुऊन सुकवून त्याच्यावर चढवायचं. चेंबर मात्र तात्यांचा फुटलेला, त्यामुळे नव्या इंजिनाचाच ठेवला, आणि त्याच्याबरोबरची गेजची नळीही. त्या इंजिनाचा गेज भंगारवाल्याने कुठेतरी हरवला होता. गेज नेहमी हरवतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. तात्यांचा गेज त्या नळीत बरोब्बर बसला. टोपण खट्‌कन लागलं. मी म्हटलं, एक काम कमी झालं.

प्रणव रोज सकाळी मांडवीहून रिक्षाने यायचा. घरी थांबला असता तर तात्यांनी काही विचारलं असतं. मी त्याला रिकामा बसू दिला नाही. डिझेलच्या बादलीत बोल्ट धुवायला बसवला. चौथ्या दिवशी त्याची नखं काळी झाली. दिगंबर म्हणाला, "आता माणसात आलास."

आणि तात्यांचे फोन सुरू झाले.

"वहिनी, गाडी आलेय का तुमच्याकडे?"

"आलेय."

"काय म्हणते?"

"म्हणत काही नाही. गप्प आहे."

"हां," तात्या म्हणाले. "गप्प बसणं वाईट." आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी परत.

"वहिनी, प्रणवराव म्हणाले सर्व्हिसिंग चाललंय."

"त्यांनी सांगितलं ना? मग झालं."

"ऑइल बदलताय ना?"

"बदलणार. जुनं एक थेंबही ठेवणार नाही." हे अगदी खरं होतं.

पाचव्या दिवशी म्हणाले, "वहिनी, पाच दिवस सर्व्हिसिंग? आमची बोट गोदीत काढायचे तेव्हा एवढे लागायचे."

मी म्हटलं, "तात्या, तुमची बोट माझ्याकडे कधी आली नव्हती. आली असती तर अजून लागले असते."

ते हसले. मी वाट बघत राहिले की आता विचारतील. एवढा हुशार माणूस, गाडीला काय झालंय हे सरळ का विचारत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, डोळ्याच्या औषधाने सुस्ती आली असेल.

सातव्या दिवशी इंजिन गाडीत बसलं. चेन-पुलीला लटकवून, इंच इंच खाली सोडत, दिगंबरच्या शिव्या आणि प्रणवचे "थोडं डावीकडे, थोडं डावीकडे" ऐकत. दुपारी प्रणव जेवायला गेला. आता जे सांगते ते मांडवीच्या घरात अजून कुणाला माहीत नाही.

ऑइल भरायचं होतं. त्या इंजिनाला तीन लिटर लागतं, हे मला पाठ आहे. दिगंबरने तीन ओतलं. मी गेज काढला, पुसला, घातला, काढला. टोकाला जेमतेम ओलं. दोन्ही खुणा कोरड्या.

"अजून ओत."

त्याने ओतलं. खालची खूण कोरडीच.

"अजून."

"काकी, तीनचं माप आहे ह्याचं. दुसरा डबा फोडतोय मी."

"मग गेज खोटं बोलतो काय? ओत."

चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले की डोळ्याने बघा, अंदाजाने जाऊ नका. आणि डोळ्याने बघूनच चुकले. ती नळी नव्या इंजिनाची होती, दोन बोटं जास्त लांब. त्यामुळे तात्यांचा गेज आत दोन बोटं कमी जात होता. ऑइल पुरेपूर होतं, गेज तिथवर पोचतच नव्हता. शेजारणीच्या टोपात आपल्या अंदाजाने मीठ घालायचं, तसला प्रकार. मी वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून घेतलं आणि म्हटलं, मार.

दिगंबरने स्टार्टर मारला. पहिल्या झटक्याला चालू. मी खूश. मग निळा धूर यायला लागला. मग आवाज चढायला लागला. दिगंबरचा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता, आणि आवाज चढतच होता.

"काकी, ही आपोआप पळतेय."

"बंद कर."

त्याने किल्ली काढली आणि मला दाखवली. किल्ली त्याच्या हातात, आणि इंजिन किंचाळतंय. डिझेलचं इंजिन असंच असतं. ऑइल प्रमाणाबाहेर झालं की ते हवेबरोबर स्वतःचंच ऑइल ओढून पितं आणि त्याच्यावर धावतं. मग त्याला तुमच्या किल्लीची गरज नसते. आतलं सगळं तुकडे होईपर्यंत थांबत नाही. सगळं गॅरेज निळं झालं. समोरचा टायरवाला पळत हायवेच्या पलीकडे गेला, आणि तो धाडसी म्हणून ओळखला जातो.

हवा बंद केली तरच ते मरतं, एवढं मला माहीत होतं. हवेच्या पाइपचं तोंड उघडं होतं, फिल्टर अजून लावला नव्हता. मी उठले, बुडाखालचा पाट उचलला आणि त्या तोंडावर दाबून धरला. दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून. पाट असा ओढला गेला की कुणीतरी आतून घट्ट धरलाय. इंजिन दोन आचके देऊन थांबलं.

दिगंबर म्हणाला, "मी बोललो होतो."

मी म्हटलं, "बोलला होतास."

पंचवीस वर्षांत मी त्याला दिलेलं एवढंच सर्टिफिकेट.

सगळं ऑइल काढलं. चेंबर उतरवून आतले बेअरिंग बघितले, टर्बोचा पंखा हाताने फिरवून बघितला. काही झालं नव्हतं, दहा-पंधरा सेकंदांत मेलं होतं म्हणून. मग दुधाच्या मापाने मोजून तीन लिटर भरलं, गाडी सपाटीवर घेतली, चहा होईपर्यंत थांबले आणि गेज काढला. जिथवर ओलं झालं होतं, दोन्ही खुणांच्या खाली, टोकाजवळ, तिथे तिकोनी कानशीने एक खाच पाडली. तिसरी खूण. शोरूमला नवा गेज मागवायला सांगितला, ते म्हणाले तीन आठवडे.

प्रणव जेवून आला. "काकी, एवढा धूर कसला?"

"पहिल्यांदा चालू केलं की होतो," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. आमच्याकडे पहिल्यांदा चालू केलं आणि झाला.

त्याला गेज दाखवला. "ही तिसरी खूण. ऑइल इथवर असलं की पुरे. वरच्या खुणांकडे बघायचं नाही. आता तूच विचार कर. तुझे सासरे पट्टी सुटल्यावर पहिलं काम काय करतील? गेज काढतील. त्यांना वरच्या दोन खुणा कोरड्या दिसतील. मग ते बाटली आणतील आणि ओततील. मग ते गाडी चालू करतील." पुढचं मी त्याला अगदी डोळ्यांपुढे उभं केलं. टायरवाला सोडून.

तो पांढरा पडला. "मग?"

"मग सांग त्यांना. किल्लीचं नंतर बघ."

"उद्या नक्की," तो म्हणाला.

उद्या त्याने सांगितलं नाही. पट्टी नवव्या दिवशी सुटली आणि नवव्या दिवशी सकाळी माझ्या दारात रिक्षा थांबली. आतून तात्या उतरले, काळा चष्मा, हातात फडकं. मागून माई, त्यांच्या हातात डबा. प्रणव बादलीपाशी होता, त्याच्या हातातला बोल्ट बादलीत पडला.

तात्यांनी मला "कशा आहात वहिनी" विचारलं, दिगंबरला "काय रे" केलं, जावयाला "बसा, बसा" म्हणाले. मग गाडीपाशी गेले. बॉनेटवर तळहात ठेवून म्हणाले, "चालू कर रे, दिगंबर."

बोटीत त्यांचे कान गेलेत, पण हवं ते त्यांना ऐकू येतं, आणि जे येत नाही ते हाताला कळतं. मिनिटभर तसेच उभे राहिले. मग "बंद कर" म्हणाले. ऑइल खाली बसेस्तोवर माझ्याशी पावसाबद्दल बोलले. मग बॉनेट उघडलं, गेज काढला, फडक्याने पुसला. पुसताना अंगठा टोकाशी गेला आणि थांबला. नखाने त्यांनी खाच चाचपली. एकदा, परत एकदा.

मला वाटलं, आता माझ्याकडे वळणार. मी उत्तर तोंडात धरून बसले होते.

तात्यांनी गेज आत घातला, बाहेर काढला आणि प्रणवपुढे धरला.

"माझ्या डोळ्यात सकाळीच औषध घातलंय, धुरकट दिसतं. तुम्ही वाचा, प्रणवराव. किती आहे?"

प्रणवने गेज घेतला. वरच्या दोन्ही खुणा कोरड्या. त्याने माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघितलं.

"कमी आहे का?" तात्यांनी विचारलं. "बाटली आणलेय मी. ओततो." आणि खरंच पिशवीतून बाटली काढून बूच फिरवायला लागले.

"नको, बाबा." प्रणवने त्यांचा हात धरला. सात वर्षांत पहिल्यांदा धरला असेल. "ओतू नका. बरोबर आहे. तिसऱ्या खुणेवर आहे."

"गेजला दोन खुणा असतात, प्रणवराव. तिसरी कशाला लागली?"

मग त्याने सांगितलं. आरे-वारे, फोटो, वाळू, लाटा, कोल्हापूर, चुलत इंजिन, लांब नळी. सगळं, खाली मान घालून. माई डबा धरून उभ्या होत्या. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले,

"स्टार्टर किती वेळा मारलात?"

"तीनदा."

"मला पाच सांगितलंन."

"कुणी?"

"तिथल्या टपरीवालीने. तिचा भाऊ माझ्याबरोबर बोटीवर होता. गाडी पाण्यात होती तेव्हाच फोन केलान तिने. म्हणाली, तात्या, तुमचा जावई समुद्राला गाडी दाखवतोय. एकेक स्टार्टर मोजून सांगत होती."

प्रणव म्हणाला, "पाच."

दिगंबर मागून पुटपुटला, "मी म्हटलं होतं, तीनदात नाय होत."

तात्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. पिशवीतून कागद काढला. आरटीओचा अर्ज. मालकाची सही केलेली, शाई वाळलेली. "पट्टी होती तेव्हाच केलेय सही, माईने बोट धरून जागा दाखवलीन. जरा तिरकी आलेय. नऊ दिवस उशीखाली होता. म्हटलं, मी काय बोलणार, जावई माणूस. स्वतः बोलतील तर बरं." मग खिशातून दुसरी किल्ली काढली, घरी ठेवलेली, आणि ती त्याच्या काळ्या नखांच्या हातावर ठेवली. "कागदाचं काम झालं की गाडी तुम्ही घेऊन यायची. मी मागे बसेन."

माझी पद्धत आहे, जुना निघालेला भाग मालकाला परत द्यायचा, म्हणजे खरंच बदललं हे त्याला कळतं. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला वाकडा रॉड तात्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि माईंकडे दिला. त्यांच्या घरी समुद्राचं वारं येतं, दारं आपटतात. तो रॉड आता माजघराच्या दाराला लावलेला असतो. प्रणव आला की आधी त्याला पाय लागतो. वाणाच्या दिवशी मला जेवायला बोलावलं होतं तेव्हा बघून आले. जावयाला तेहेतीस अनारसे मिळाले, मला अकरा. अनारसे बरे होते, जरा कडक.

नवा गेज आला, पण तात्यांनी तो बसवू दिला नाही. तिसऱ्या खुणेवरच बघतात. पुढे वर्षभर ती गाडी दर महिन्याला माझ्याकडे यायची, आणि मी दर वेळी टर्बो उघडून बघायचे, बेअरिंगचा आवाज ऐकायचे, काही न घेता. तात्या सगळ्यांना सांगत होते, वहिनींसारखी काळजी कोण घेतो.

त्या दिवशी गॅरेजातून निघताना रिक्षात एक पाय ठेवून ते थांबले होते. म्हणाले, "वहिनी, एक मानलं तुम्हाला. गेज बसला म्हटल्यावर दुसरा कुणी ऑइल भरून मोकळा झाला असता, आणि इंजिनाची वाट लागली असती. तुमच्या ते आधीच लक्षात आलं."

तात्या आता हे मांडवीला पडवीत बसून वाचतील, म्हणून सांगते. तो प्रश्न नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. पाइपच्या तोंडाचं काळं वर्तुळ त्या पाटावर अजून आहे. तुम्ही बोलत होतात तेव्हा मी त्याच्यावरच बसले होते.